एसटीने आलेला डबा

१९८० च्या दशकात, दहावीनंतर, मी गावाहून साताऱ्याला शिकायला आलो. रोज सकाळच्या एसटीने अम्मीचा डबा यायचा. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कधी वांग्याचे कालवण. झाकणावर खिळ्याने माझे नाव कोरलेले. गाडीला उशीर झाला की माझ्यासारखी दहा-पंधरा मुले स्टँडवर ताटकळत उभी. शहरातली मुले तेव्हा घरची गरम पोळी खाऊन शिकवणीला गेलेली असत. ती आमच्याहून हुशार होती असे नाही. त्यांना डब्याची वाट पाहावी लागत नव्हती, इतकेच.

हा फरक कर्मवीर भाऊराव पाटलांनी फार आधी ओळखला होता. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. साताऱ्यातले त्यांचे महाराजा सयाजीराव हायस्कूल मात्र १९४० चे. म्हणजे शाळेच्या सोळा वर्षे आधी त्यांनी चूल पेटवली. गावच्या पोराला वर्गात बसवायचे तर आधी त्याच्या पोटाचे आणि अंथरुणाचे पाहायला हवे, हे त्यांना कळले होते. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एका पंगतीत जेवत आणि कष्ट करून शिकत.

त्या पंगतीचे मोल मला माझ्या खोलीत समजले. रमजानात माझा जोडीदार, एका शेतकऱ्याचा मुलगा, गजर लावून झोपायचा. पहाटे मला हलवायचा, ‘ऊठ रं, येळ झाली.’ स्टोव्हवर आदल्या दिवशीची भाकरी तोच गरम करायचा. पुण्यातल्या माझ्या चुलतभावाला स्वतंत्र टेबल होते, दिवा होता, रोजचे दूध होते. पण परीक्षेत गुण कमी पडले की तो दार लावून एकटाच बसायचा. आमच्याकडे दार लावायला स्वतंत्र खोलीच नव्हती! नापास झालेल्यालाही कुणीतरी ओढून जेवायला बसवायचे.

गरिबीचे गोडवे मला गायचे नाहीत. अर्धपोटी मुलाला सोबतीने पोट भरत नाही. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, धडे फोनवर आले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो बाप कामावर नेत होता, तिथली मुले संध्याकाळची वाट पाहत बसली. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. तेव्हा रिकाम्या थांब्यावरून घरी परतणाऱ्या मुली पाहून मला माझा डबा आठवला.

खेड्यातल्या मुलाला वेळेवर घास हवा आणि शहरातल्या मुलाला घास घेताना शेजारी कुणीतरी हवे. साताऱ्याच्या त्या वसतिगृहाने दोन्ही एकाच ताटात वाढले होते.