साथ ओसरल्यानंतरचा खानदेश

साथीचा आरंभ केव्हां झाला हें सांगणें त्यामानानें सोपें असतें. तिचा शेवट केव्हां झाला हें सांगणें मात्र कठीण. कोविडपुरतें बोलावयाचें तर जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं आणीबाणीची स्थिति संपल्याचें जाहीर केलें. सरकारी दप्तरास ही तारीख पुरेशी आहे. परंतु जळगांवच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या जुन्या पेठेंतील ज्या घराचा कमावता पुरुष एप्रिल २०२१ मध्यें गेला, त्या घरास ती लागू पडत नाहीं. तेथें कर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि विधवेची तुटपुंजी मिळकत ह्यांचा मेळ दर महिन्यास नव्यानें घालावा लागतो. रुग्णांचे व मृतांचे आंकडे मांडून साथीचा इतिहास संपविण्याची रीत आहे. खानदेशानें गेल्या सव्वाशें वर्षांत तीन मोठ्या साथी पाहिल्या. त्या तिन्हींचा अनुभव असा कीं, आंकडे थांबल्यानंतरही साथ कित्येक वर्षें घराघरांतून चालूच राहते.

ह्यांपैकीं पहिली साथ प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत तो प्रगट झाला आणि माणसांच्या व मालाच्या वाहतुकीबरोबर आंतल्या मुलुखांत शिरला. खानदेश तर ह्या वाटेवरच वसलेला. मुंबईहून येणारा लोहमार्ग चाळीसगांव, पाचोरा, जळगांव असें करीत भुसावळास पोंचतो आणि तेथून त्याची एक शाखा नागपुराकडे व दुसरी खंडव्याकडे जाते. ज्या मार्गानें खानदेशचा कापूस मुंबईच्या बाजारीं जाई, तोच मार्ग रोगासही मोकळा होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सरकारनें साथरोगांचा कायदा केला. उतारूंची तपासणी, घरांची झडती, रोग्यांस कुटुंबापासून दूर नेणें, हे सारे प्रकार त्या कायद्याच्या आधारानें झाले. उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून शेतांत झोपड्या बांधून राहत. डॉ. हाफकिन ह्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं मुंबईंत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून पाहिली. तथापि लोकांची भीति जाण्यास पुष्कळ काळ लागला.

ह्या प्लेगाचा एक दूरगामी परिणाम जळगांवच्या एका घरांत दिसतो, आणि तें घर महाराष्ट्रास परिचित आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचा मुलगा ओंकार प्लेगांतून वांचला. परंतु त्यास कायमचें अपंगत्व आलें. पुढें पति नथुजी हेही गेले आणि तरुण वयांत वैधव्य आलेल्या त्या माउलीवर शेताचा व संसाराचा भार पडला. प्लेगाच्या सरकारी कोष्टकांत ओंकारची गणना ‘बरा झालेला रोगी’ अशीच होणार. त्याच्या आईच्या दृष्टीनें मात्र प्लेग त्या घरांतून कधींच गेला नाहीं. बरा होणें आणि पूर्ववत् होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें कोविडनंतर हजारों कुटुंबांस जें नव्यानें शिकावें लागलें, तें ह्या घरानें फार पूर्वीं अनुभविलें होतें.

दुसरी साथ इन्फ्लुएंझाची. जून १९१८ मध्यें ती मुंबईंत दिसली आणि सप्टेंबरपासून तिची दुसरी, अधिक घातक लाट उसळली. मराठी मुलुखांत लोकांनीं तिला ‘मानमोडी’ हें नांव दिलें. महायुद्धानें धान्य महागलेलें, त्यांतच त्या वर्षीं पावसानें दगा दिलेला. अशा अर्धपोटी प्रजेवर हा घाला पडला. १९०६ सालीं पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला खानदेश तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडत असे, आणि ह्या इलाख्यांत कांहीं महिन्यांत दहा लक्षांहून अधिक माणसें दगावलीं. विशेष हें कीं, म्हाताऱ्यांपेक्षां वीस ते चाळीस वर्षांच्या वयांतील कर्त्या स्त्रीपुरुषांवर ह्या रोगाचा कटाक्ष होता. एका प्रेतास अग्नि देऊन माणसें परत येत तों दुसऱ्याची तयारी करावी लागे, अशा आठवणी जुन्या पिढीच्या तोंडीं उरल्या होत्या.

ह्या संहाराचा ठोक हिशेब लागला तो जनगणनेमुळें. आजच्या भारताच्या सीमांत १९११ सालीं २५ कोटी २१ लक्ष लोक होते. १९२१ सालीं ते २५ कोटी १३ लक्ष भरले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, असें विसाव्या शतकांत पुन्हां कधीं घडलें नाहीं. परंतु आंकड्यापलीकडील हकीकत जवळजवळ नाहींशीच झाली. कोणाचें शेत सावकाराकडे गेलें, पोरकीं मुलें कोणी वाढविलीं, कोणाच्या शाळेचें नांव कायमचें कमी झालें, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. तें सांगणारीं माणसें गेलीं आणि त्यांच्याबरोबर ती माहितीही गेली.

तिसरी साथ आजच्या बहुतेक श्रोत्यांनीं स्वतः भोगलेली आहे. १३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें प्लेगाच्या वेळचा तोच १८९७ चा कायदा राज्यांत लागू केला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मे व जून २०२० मध्यें जळगांव जिल्ह्यांतील बाधितांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दहांच्या वर गेलें होतें, आणि देशांतील अत्यंत चिंताजनक जिल्ह्यांत त्याची गणना होऊं लागली होती. त्याच जून महिन्यांत शहरांतील एका रुग्णालयांतून बेपत्ता झालेली ऐंशी वर्षांवरील एक वृद्धा आठ दिवसांनीं तेथल्याच शौचालयांत मृतावस्थेंत आढळली. चौकशी झाली, अधिकारी निलंबित झाले. परंतु आपलें माणूस आंत गेल्यावर त्याचें काय होतें हें आपणांस कळणार नाहीं, ही धास्ती घरोघर बसली ती बसलीच.

धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई–आग्रा रस्त्यानें त्या उन्हाळ्यांत हजारों मजूर उत्तरेकडे चालले होते आणि शिरपूर ओलांडल्यावर सेंधव्याच्या सरहद्दीवर ते अडून पडत होते. जालन्याहून निघालेले मध्यप्रदेशचे कांहीं मजूर भुसावळास गाडी मिळेल ह्या आशेनें लोहमार्ग धरून चालले असतां, करमाडजवळ थकून रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखालीं त्यांतील १६ जण ठार झाले. रावेर, यावल भागांत केळीचे घड तयार होते, पण माल उचलण्यास कोणी येईना. पुढें ७ ऑगस्ट रोजीं देवळालीहून दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली आणि ती जळगांव, भुसावळावरूनच गेली. रोग आणणारा लोहमार्ग ह्या वेळीं शेतकऱ्याच्या थोडाफार उपयोगीं पडला.

पहिली लाट उतरली तेव्हां साथ संपली अशी समजूत बहुतेक ठिकाणीं झाली. १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्याचाच भाग असलेल्या नंदुरबारास मात्र निराळा विचार झाला. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यांतील सामोडें गांवचे, भिल्ल कुटुंबांत वाढलेले. त्यांनीं मधल्या शांत काळांत प्राणवायु निर्माण करणारीं यंत्रें जिल्ह्यांत बसवून घेतलीं. एप्रिल २०२१ मध्यें मोठमोठीं शहरें प्राणवायूसाठीं धांवाधांव करीत होतीं, तेव्हां ह्या आदिवासी जिल्ह्यास ती करावी लागली नाहीं. साथ संपली असें न मानणाऱ्याचाच येथें फायदा झाला.

आतां ह्या साथीचे जे परिणाम अद्याप चालू आहेत त्यांकडे वळावें. पहिला शरीराचा. कित्येकांचा धाप लागण्याचा, थकव्याचा व विस्मरणाचा त्रास महिनोन् महिने टिकला. २०२१ च्या लाटेंत काळ्या बुरशीनें ज्यांचा डोळा किंवा जबडा गेला, त्यांचें तें नुकसान तर आयुष्यभराचें आहे. तीं माणसेंही कोष्टकांत ‘बरीं झालेलीं’ आहेत.

दुसरा परिणाम शिक्षणाचा. जें मूल जून २०२० मध्यें पहिलींत दाखल झालें, त्यानें बहुतेक ठिकाणीं डिसेंबर २०२१ पूर्वीं वर्गाचें तोंड पाहिलें नाहीं. म्हणजे तें एकदम दुसरींत जाऊन बसलें. पेठेंतल्या मुलाच्या हातीं निदान मोबाईल होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तोही नव्हता, आणि असला तरी त्यास संदेश पोंचत नसे. त्याच २०२१ सालीं मॅट्रिकची, म्हणजे दहावीची परीक्षा रद्द होऊन शेंकडा ९९.९५ विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. निकाल आनंदाचा, पण त्यांतील कच्चेपणा पुढच्या प्रत्येक वर्गांत आणि नोकरींत त्या मुलांच्या मागें लागला. पहिलींतलें तें मूल शालान्त परीक्षेस बसेल मार्च २०३० मध्यें. तोंवर प्राथमिक पायांतील ही पोकळी कोणत्या ना कोणत्या शिक्षकास भरून काढावीच लागणार.

तिसरा परिणाम पोरक्या मुलांचा व विधवांचा. आईबाप दोघेही गमावलेल्या मुलांच्या नांवें राज्य सरकारनें पांच लक्षांची ठेव ठेवण्याचें ठरविलें; केंद्राच्या योजनेंत वयाच्या तेविसाव्या वर्षीं दहा लक्ष रुपये मिळावयाचे आहेत. २०२१ मध्यें दहा वर्षांचें असलेलें मूल तेवीस वर्षांचें होईल २०३४ सालीं. म्हणजे सरकारच्याच हिशेबानें ही साथ तोंपर्यंत चालू आहे. मृतांच्या वारसांस पन्नास हजार रुपये देण्याचेंही ठरलें. परंतु त्यास कागद हवा. तपासणींत कोविड आढळल्यापासून तीस दिवसांत मृत्यु आला असेल तर तो ग्राह्य धरावा, असा नियम झाला. ज्याची तपासणीच झाली नाहीं, जो खाटेवर पडल्या पडल्या घरींच गेला, त्याच्या पत्नीपाशीं दाखविण्यास कांहींच नव्हतें. एक नोंद नाहीं म्हणून एका घराचा हक्क गेला, असे प्रकार ह्या साथींत झाले.

घराच्या बाबतींत जें खरें तेंच देशाच्या बाबतींतही खरें आहे. कोविडनें भारतांत सुमारें ५ लक्ष ३३ हजार माणसें गेलीं, असा सरकारी आंकडा आहे. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांत नेहमीपेक्षां सुमारें ४७ लक्ष मृत्यु अधिक झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि तो भारत सरकारनें अमान्य केला. असा वाद मिटविण्याचें मोठें साधन म्हणजे जनगणना. परंतु १८८१ पासून दर दहा वर्षांनीं न चुकतां होत आलेली ही गणना २०२१ सालीं प्रथमच झाली नाहीं. ती २०२७ सालावर गेली. मानमोडीनंतर तीन वर्षांत देशास आपलें नुकसान मोजतां आलें. कोविडनंतर सहा वर्षें मध्यें गेल्यावर जें मोजलें जाईल, त्यांत साथीचा वाटा वेगळा काढणें फारच अवघड होणार आहे.

ह्या ठिकाणीं धुळें शहराच्या एका परंपरेचें स्मरण होणें साहजिक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचें देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झालें, आणि त्यांनीं जमविलेल्या कागदपत्रांच्या रक्षणासाठीं पुढच्याच वर्षीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे ऐन प्लेगाच्या दिवसांतला. त्यांनीं गांवोगांव हिंडून जे कागद मिळविले, ते माळ्यावर, पेटाऱ्यांत, वाळवीच्या तोंडीं पडलेले होते. घरच्या माणसांस त्यांची किंमत ठाऊक नव्हती. आज तशाच अवस्थेंत कोविडचे कागद आहेत. रुग्णालयाचें बिल, औषधाच्या चिठ्ठ्या, प्राणवायूच्या नळकांड्याची पावती, जळगांवच्या सराफींत मोडलेल्या दागिन्याची चिठी, मृत्यूचा दाखला, शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरांतील नांवें. हीं सारीं पुढच्या इतिहासकाराचीं साधनें आहेत. मोबाईलमधील संदेश तर यंत्र बदललें कीं पुसले जातात.

जें लिहूं शकत नाहींत त्यांचेंही लिहून घेतां येतें. बहिणाबाई निरक्षर होत्या. शेतांत, जात्यावर त्यांनीं जें म्हटलें तें त्यांच्या मुलानें व आप्तांनीं उतरून घेतलें, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं ग्रंथरूपानें तें प्रसिद्ध होऊं शकलें. आज जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे. जी आजी आज खेड्यांतून मुलाकडे धुळ्यास राहावयास आली आहे, जिनें टाळेबंदींत घर कसें चालविलें, कोणी उधार दिलें आणि कोणी दार लावून घेतलें हें सारें पाहिलें आहे, तिच्या तोंडची हकीकत सुट्टींत घरीं आलेल्या नातवास एका वहींत सहज उतरून घेतां येईल. त्यांत तारीख, गांव आणि खर्चाचा आंकडा तेवढा नीट असावा. बाकी भाषा तिचीच राहूं द्यावी.

२०३४ सालीं तेविसाव्या वर्षांत येणारें तें पोरकें मूल आपले आईबाप कसे गेले हें विचारील. बँकेचें पासबुक त्याला ठेवीची रक्कम सांगेल, मृत्यूचा दाखला तारीख सांगेल. शेवटच्या रात्रीं बापानें कोणास फोन केला, खाटेसाठीं कोण कोणत्या दारीं फिरलें आणि त्या मुलास त्या रात्रीं कोणी जेवूं घातलें, हें त्यास कळावयाचें असेल तर ज्यांस तें ठाऊक आहे त्यांनीं तें आतांच लिहून ठेविलें पाहिजे.