घराचं नूतनीकरण: इलेक्ट्रिशियन ‘पॉइंट’चा हिशेब कसा लावतो? वायरिंगचं कोटेशन नेमकं कसं वाचायचं?

घराचं काम काढलं की टाइल्स, रंग आणि किचन ओटा यावर महिनाभर चर्चा होते. वायरिंगवर पाच मिनिटं. ती पाच मिनिटंही बहुतेक वेळा स्विच पांढरे घ्यायचे की राखाडी यातच जातात. मग इलेक्ट्रिशियन येतो, घरभर एक चक्कर मारतो आणि आकडा सांगतो. दुसरा येतो, तो वेगळा आकडा सांगतो. तिसरा म्हणतो, “ताई, सगळं माझ्यावर सोडा, उक्तं करून देतो.”

घर एकच, तरी तीन आकड्यांत मोठा फरक. कोण लुबाडतंय? कदाचित कोणीच नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांची किंमत सांगितलेली असू शकते. ही किंमत कशी ठरते ते एकदा कळलं की तुलना करणं सोपं जातं.

दर सांगायच्या चार पद्धती

सर्वांत जास्त चालणारी पद्धत म्हणजे पॉइंटचा दर. एक दिवा, एक पंखा, एक सॉकेट म्हणजे एकेक पॉइंट. दुसरी पद्धत चौरस फुटाच्या दराची, ती नवीन बांधकामात जास्त दिसते. तिसरी उक्त्या कामाची, म्हणजे सगळ्याचा मिळून एकच आकडा. चौथी रोजंदारीची. जुन्या घरात भिंत फोडल्यावर आत काय निघेल याचा अंदाज नसतो, तेव्हा काही जण रोजावरच काम घेतात.

यात आणखी एक फाटा आहे: फक्त मजुरी की मटेरिअलसकट? कोटेशन हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा. मजुरीचा दर आणि मटेरिअलसकटचा दर शेजारी ठेवून ‘हा महाग, तो स्वस्त’ असं ठरवलं जाण्याचे प्रकार सर्रास होतात.

‘पॉइंट’ म्हणजे नक्की काय?

वाद होतात ते इथेच. पॉइंट कसा मोजायचा याचा प्रत्येक इलेक्ट्रिशियनचा स्वतःचा नियम असतो, आणि तो त्याला इतका सवयीचा असतो की सांगायची गरजच वाटत नाही.

स्विचबोर्डवरच बसवलेलं मोबाइल चार्जिंगचं सॉकेट कोणी अर्धा पॉइंट धरतो, कोणी पूर्ण. जिन्यात किंवा बेडजवळ दोन ठिकाणांहून चालू-बंद होणारा दिवा असेल, तर त्याला जास्त वायर आणि दोन स्विच लागतात. त्यामुळे तो दीड किंवा दोन पॉइंट धरला जातो. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट साध्या पॉइंटपेक्षा महाग असतो आणि एसीचा त्याहून महाग. टीव्ही, इंटरनेट, बेल, सीसीटीव्ही वेगळे.

सगळ्यात मोठा घोळ फॉल्स सीलिंगमध्ये होतो. समजा हॉलच्या छतात आठ छोटे दिवे आहेत आणि ते एकाच स्विचवर चालतात. तुमच्या दृष्टीने तो एक पॉइंट, इलेक्ट्रिशियनच्या दृष्टीने आठ. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. इंटीरियरवाल्यांच्या कोटेशनमध्ये यावर तोडगा असतो: पहिला दिवा ‘प्रायमरी’ पॉइंट आणि त्यावरून पुढे जोडलेले बाकीचे ‘सेकंडरी’, कमी दराचे. तुमच्या कोटेशनमध्ये असा फरक नसेल, तर काम सुरू होण्याआधी तो लिहून घ्या. बिल आल्यावर हा वाद सुटत नाही.

दर कमी, बिल जास्त: हे कसं?

एक हिशेब करून पाहू. यातले दर फक्त गणित समजावं म्हणून धरले आहेत, हे बाजारभाव नाहीत.

पहिला इलेक्ट्रिशियन मजुरी सांगतो २५० रुपये पॉइंट. दुसरा सांगतो ३५०. पहिल्याच्या मोजणीने घरात ६० पॉइंट होतात, कारण तो बोर्डावरचं प्रत्येक सॉकेट पूर्ण धरतो. दुसऱ्याच्या मोजणीने ४५. म्हणजे पहिल्याचे १५,००० आणि दुसऱ्याचे १५,७५०. शंभर रुपयांचा फरक इथेच जवळपास संपला.

आता पहिल्याच्या दरात भिंत कापणं धरलेलं नाही. ६० मीटर झिरी, मीटरला ४० रुपये, म्हणजे २,४००. एमसीबीची पेटी बसवून जोडण्याचे २,००० वेगळे. पंखे, दिवे आणि गिझर लावायचे ३,००० वेगळे. एकूण २२,४००. दुसऱ्याच्या ३५० रुपयांत हे सगळं धरलेलं होतं. ‘स्वस्त’ माणूस ६,६५० रुपयांनी महाग पडला, आणि यात त्याने फसवलं असंही म्हणता येणार नाही. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून कोटेशन घेताना पॉइंटच्या दराबरोबर या गोष्टी कोणाकडे आहेत हे विचारा: जुनं वायरिंग काढणं, झिरी मारणं, ती सिमेंटने भरणं, राडारोडा खाली नेऊन टाकणं, पेटी जोडणं, पंखे-दिवे लावणं, मीटरपासून घरापर्यंतची मेन केबल. झिरी भरायचं काम इलेक्ट्रिशियनचं की गवंड्याचं, यावरून तर कामं दोन-दोन दिवस अडतात.

पॉइंटचा दर कुठे चुकतो?

पॉइंटच्या दरात अंतर मोजलं जात नाही. एमसीबीच्या पेटीपासून ३ मीटरवरचा एसी आणि १२ मीटरवरचा एसी, दोन्ही एकेकच पॉइंट. पण १२ मीटरवरच्या एसीसाठी फेज आणि न्यूट्रल मिळून २४ मीटर जाड वायर लागते, वर अर्थिंगची १२ मीटर. ३ मीटरवाल्याला याच्या चौथाई. मटेरिअलसकट दर असेल, तर लांबचा पॉइंट इलेक्ट्रिशियनला तोट्यात जातो, आणि तो तोटा तो कुठून तरी भरून काढतोच. सरकारी कामांच्या दरसूचीत म्हणूनच पॉइंटचे लांबीनुसार गट पाडलेले असतात. घरगुती कामात एवढं कोणी करत नाही. तरी एसी, गिझर आणि मेन केबल यांचा दर मीटरवर आणि बाकीच्या साध्या पॉइंटचा नगावर ठरवणं दोघांनाही परवडतं.

वायरची किंमत तांब्याने तपासा

मटेरिअलमध्ये मोठा खर्च वायरचा. घरांत साधारणपणे दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची (काही जण १ ची वापरतात), १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ ची, आणि एसी-गिझरला ४ ची वायर वापरतात. बंडल सहसा ९० मीटरचं असतं.

दुकानात गेल्यावर एकाच मापाच्या दोन बंडलांच्या किमतीत मोठा फरक दिसतो. ब्रँडचं नाव हे त्याचं एक कारण असतं. पण एक सोपं गणित आहे, ते मात्र ब्रँडवर अवलंबून नाही. तांब्याची घनता ठरलेली असते. त्यावरून २.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलमध्ये सुमारे २ किलो तांबं असायला हवं. १.५ च्या बंडलमध्ये सुमारे १.२ किलो, ४ च्या बंडलमध्ये सुमारे ३.२ किलो. तांब्याचा किलोचा भाव रोज कळतो. तो १,००० रुपये धरला तर २.५ च्या बंडलमध्ये २,००० रुपयांचं नुसतं तांबंच झालं. वरचं प्लास्टिक, कारखान्याचा खर्च, कर आणि दुकानदाराचा नफा अजून बाकी. त्या दिवशीच्या तांब्याच्या भावापेक्षाही कमी किमतीत कोणी बंडल देत असेल, तर आत तांबं कमी आहे, किंवा ते तांबं नाहीच.

वायरवर आयएसआयचं चिन्ह, ‘आयएस ६९४’ हा क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो परवाना खरा आहे का हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर बघता येतं. दुकानातच, पैसे देण्याआधी.

तांब्याच्या भावामुळे आणखी एक गोष्ट होते. तीन महिन्यांपूर्वीचं मटेरिअलसकट कोटेशन आज तेवढ्याच पैशात मिळेलच असं नाही. कोटेशन किती दिवस लागू आहे हे त्यावर लिहिलेलं असावं.

मटेरिअल स्वतः आणायचं की इलेक्ट्रिशियनवर सोडायचं? स्वतः आणलं तर पक्कं बिल तुमच्या नावावर राहतं आणि उरलेली न फोडलेली बंडलं परत करता येतात. बरेच वायर उत्पादक इलेक्ट्रिशियनसाठी पॉइंट किंवा कूपनच्या योजना चालवतात, त्यामुळे एखाद्या ब्रँडचा आग्रह होऊ शकतो. त्यात वाईट काही नाही, माहीत असलेलं बरं. मात्र तुम्ही आणलेला माल कमी पडला आणि माणसं दिवसभर बसून राहिली, तर त्या दिवसाची मजुरी तुमच्याच खिशातून जाणार.

जिथे पैसे वाचवले जातात ते भिंतीत पुरलं जातं

वायरिंग आणि बाकीच्या कामांत एक मोठा फरक आहे. टाइल वाकडी बसली तर दिसते. अर्थिंगची वायर टाकलीच नाही, तर भिंतीवर रंग चढल्यावर कोणालाच दिसत नाही. दिवे लागतात, पंखे फिरतात, सगळं छान चालतं. एके दिवशी गिझरच्या किंवा वॉशिंग मशीनच्या धातूच्या भागात वीज उतरते आणि तिला जायला वाट नसते. मग ती वाट हात लावणाऱ्या माणसातून जाते.

घासाघीस करून दर फारच खाली आणला की सगळ्यात आधी कात्री लागते ती अशा न दिसणाऱ्या गोष्टींना. तिसरी वायर गाळायची, ४ ऐवजी २.५ ची ओढायची, किंवा जुन्या पाइपातली जुनीच वायर पुढे जोडायची. काही ठिकाणी तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ‘अर्थिंग आहे’ असं दाखवलं जातं. हे अर्थिंग नसण्यापेक्षाही घातक आहे. मागे न्यूट्रल कुठे तुटली, तर उपकरणाचं धातूचं अंगच जिवंत होतं.

एमसीबीबाबतही एक गैरसमज आहे. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवते, माणसाला शॉकपासून नाही. त्यासाठी आरसीसीबी लागते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरची घ्यावी. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. कोटेशनमध्ये आरसीसीबी नसेल, तर बाकी कुठेही काटकसर करा, पण ती वाढवून घ्या. सारखी पडते म्हणून एमसीबी मोठी लावून देणारा माणूस तर दारातूनच परत पाठवावा. वायर तेवढीच आणि एमसीबी मोठी, म्हणजे जळायची वेळ आली तर आधी वायर जळणार.

तपासायचं कसं? प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. पाइप कुठून गेलेत हे पुढे खिळा ठोकतानाही उपयोगी पडतं. प्रत्येक सॉकेटच्या डबीत तीन वायर आल्यात का, हे स्विच बसवण्याआधी साध्या डोळ्यांनी दिसतं. काम संपल्यावर मेगरने इन्सुलेशनची चाचणी करून मागा, १ मेगाओहमपेक्षा कमी आकडा चालत नाही. मेगर हा शब्द ऐकून इलेक्ट्रिशियन गोंधळला, तर तेही एक उत्तरच आहे.

जुन्या इमारतीत खर्च का वाढतो?

जुन्या चाळींत आणि वाड्यांत अजूनही लाकडी पट्टीवरचं वायरिंग सापडतं. काही जुन्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या वायर आहेत. तिथे सगळं नव्याने करावं लागतं. भिंतीतले जुने पाइप मोकळे असतील, तर फक्त वायर ओढून काम भागतं आणि झिरीचा खर्च वाचतो. म्हणून दर ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी वायर ओढून बघायला सांगा. झिरी मारायचीच असेल तर कॉलम आणि बीमला हात लावू देऊ नका, आणि चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी टाळा. भिंत कापायची नसेल तर केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरून जाणारी प्लास्टिकची पट्टी, हा स्वस्त पर्याय आहे. दिसायला बेताचा, पण दुरुस्तीला सोपा.

मंजूर भार बघितलात का?

वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक आकडा असतो. २,००० वॉटचे दोन गिझर, दीड-दीड किलोवॉटचे दोन एसी आणि २,००० वॉटची इंडक्शन शेगडी यांची बेरीज ९ किलोवॉट होते. सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं, पण बिलावर १ किंवा २ किलोवॉट लिहिलेले असतील, तर भार वाढवून घ्यावा लागेल. तो अर्ज महावितरणकडे किंवा मुंबईत तुमच्या वीज कंपनीकडे करायचा असतो. त्यासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. शिवाय मीटरच्या खोलीपासून चौथ्या मजल्यापर्यंत नवीन जाड केबल टाकावी लागली, तर तो खर्च कोणत्याही पॉइंटच्या दरात बसत नाही.

त्यामुळे काम कोणालाही द्या, पण त्याच्याकडे परवाना आहे का, किंवा तो परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो का, हे आधीच विचारा. अहवालावर सही करायला ऐन वेळी दुसरा माणूस शोधावा लागला, तर त्याचे पैसे वेगळे जातात. आणि ज्याने काम पाहिलंच नाही, त्याची सही कागदावर येते.

पैसे टप्प्याने द्या: थोडी उचल, मग पाइप आणि वायर ओढून झाल्यावर, मग स्विच बसल्यावर. शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावर आणि आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण तुमच्यासमोर दाबून वीज गेल्यावर.