निर्मितिवाद, ख्रिस्ती

निर्मितिवाद, ख्रिस्ती : विश्व, सजीव आणि माणूस यांची निर्मिती ईश्वराने थेट केली आणि बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील वर्णन ही त्या निर्मितीची शब्दशः खरी हकीकत आहे, असे मानणारी भूमिका. चार्ल्स डार्विनच्या उत्क्रांतिवादाला होणारा ख्रिस्ती विरोध बहुधा याच नावाने ओळखला जातो. ईश्वर निर्माता आहे ही सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांची श्रद्धा आहे. मात्र पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे आहे आणि सजीवांचे मूळ प्रकार स्वतंत्रपणे घडवले गेले, हा दावा त्यांतील काहींचाच आहे. आज तो ज्या रूपात मांडला जातो ते रूप विसाव्या शतकात घडलेले आहे. ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर या वादाचा इतिहास समजूच शकत नाही.

‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो. पहिल्या दिवशी प्रकाश होतो, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र येतात आणि सहाव्या दिवशी स्त्री-पुरुष निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायातला क्रम निराळा आहे. तिथे आधी मातीपासून पुरुष घडतो, मग झाडे आणि पशुपक्षी येतात व शेवटी पुरुषाच्या फासळीपासून स्त्री घडते. तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा देवाची आज्ञा मोडतात आणि एदेन बागेतून बाहेर घालवले जातात. सूर्य नसताना पहिले तीन दिवस कसे झाले, हा प्रश्न तिसऱ्या शतकातच ख्रिस्ती धर्मचिंतक ओरिजेन याने विचारला होता. हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या मते देवाने सारे एकाच क्षणी निर्माण केले. सहा दिवस हे आपल्या रोजच्या दिवसांसारखे नव्हेत. निसर्गाविषयी ज्यांना नीट माहिती आहे त्यांच्यासमोर बायबलचा हवाला देऊन चुकीची विधाने करू नका, असे त्याने ख्रिस्ती लोकांना बजावले होते. हा इशारा डार्विनच्या सुमारे साडेचौदाशे वर्षे आधीचा आहे.

मराठीत ही निर्मितिकथा सविस्तर प्रथम आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. गोव्यातील राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्या पुराणात तिचे कथन आहे. पुढे १६५० मध्ये आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. ४००४ मधील २३ ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी झाला, असे ठरवले. १७०१ पासून ही सनावळी इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली. त्यामुळे एका विद्वानाचे गणित असंख्य वाचकांना पवित्र ग्रंथाचाच भाग वाटू लागले.

पृथ्वी अतिप्राचीन आहे हे दाखवून देण्यात खुद्द धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. विल्यम बकलंड आणि ॲडम सेजविक हे दोघे इंग्लंडचे आघाडीचे भूवैज्ञानिक दीक्षित पाद्री होते. पृष्ठभागावरील गाळ-गोट्यांच्या थरांमागे एकच जागतिक महापूर आहे हे आपले जुने मत सेजविकने १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे जाहीरपणे मागे घेतले. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ला (१८५९) मात्र त्याने कडाडून विरोध केला; ‘नैसर्गिक निवड’ ही कल्पना त्याला सृष्टीतील हेतूच नाकारणारी वाटली. याउलट हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि निष्ठावंत प्रेसबिटेरियन एसा ग्रे डार्विनचा अमेरिकेतील खंदा पाठीराखा झाला. उत्क्रांती आणि ईश्वर यांत विरोध नाही, असे सांगणारी त्याची पुस्तिका डार्विनने इंग्लंडमध्ये वाटली. तिचा निष्कर्ष मात्र डार्विनला स्वतःला पटलेला नव्हता. जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीचा दाखला देऊन, दयाळू देवाने असे प्राणी हेतुपूर्वक घडवले असतील हे मनाला पटत नाही, असे त्याने ग्रेला लिहिले होते. या वादातला सर्वांत प्रामाणिक संवाद या दोघांच्या पत्रव्यवहारात आहे.

उघड संघर्ष पेटला तो अमेरिकेत. टेनेसी राज्याने मार्च १९२५ मध्ये बटलर कायदा करून, माणूस खालच्या प्राण्यांपासून आला हे सरकारी शाळांत शिकवण्यास बंदी घातली. डेटन गावातील शिक्षक जॉन स्कोप्स याच्यावर जुलैमध्ये खटला चालला. स्कोप्सच्या बाजूने वकील क्लॅरेन्स डॅरो उभा राहिला, तर सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन. ब्रायन हा तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला लोकप्रिय नेता होता. त्याला केवळ अडाणी धर्मवेडा ठरवणे अन्यायाचे आहे. ‘बळी तो कान पिळी’ हा जगाचा नियमच ठरला तर दुबळ्यांचे काय होईल, ही त्याची तळमळ होती. स्कोप्स वापरत असलेल्या जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मानववंशांची उच्चनीच उतरंड आणि ‘सुप्रजनना’चा पुरस्कार होता, हेही विसरता येत नाही. २० जुलै रोजी न्यायालयाबाहेरच्या हिरवळीवर डॅरोने ब्रायनचीच उलटतपासणी घेतली. तेव्हा सृष्टीचे दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असे नाही, हे ब्रायनने मान्य केले. म्हणजे निर्मितिवादाचा त्या काळचा सर्वांत मोठा कैवारीसुद्धा पृथ्वीचे वय अफाट असू शकते असे मानत होता. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला.

पृथ्वी कोवळ्या वयाची आहे हे मत तेव्हा मुख्यतः सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या छोट्या पंथाचे होते. या पंथाचा स्वयंशिक्षित भूशास्त्रलेखक जॉर्ज मॅक्रेडी प्राइस याने सारे जीवाश्म आणि भूस्तर बायबलमधील नोहाच्या जलप्रलयात बनले, असा सिद्धांत मांडला. जॉन व्हिटकोम हा धर्मशास्त्राचा अध्यापक आणि हेन्री मॉरिस हा जलअभियंता यांनी १९६१ मध्ये ‘द जेनेसिस फ्लड’ या ग्रंथात तोच विचार पुन्हा मांडला आणि लाखो इव्हँजेलिकल (बायबललाच सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) ख्रिस्ती लोकांपर्यंत पोहोचवला. आजचा ‘तरुण-पृथ्वी’ निर्मितिवाद इथून वाढला. विज्ञानाच्या कसोटीवर तो टिकत नाही. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्कापाषाणांतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले आणि नंतरच्या मोजमापांत त्यात नगण्यच फरक पडला. ग्रँड कॅन्यनच्या थरांत तर वाऱ्याने रचलेल्या वाळवंटी टेकड्यांपासून बनलेला वालुकाश्म आहे आणि त्यावर प्राण्यांच्या पाऊलखुणा आहेत. वर्षभर सारे जग बुडवणाऱ्या पुरात तो थर बसवता येत नाही.

अमेरिकी न्यायालयांत निर्मितिवाद्यांची पीछेहाट होत गेली. उत्क्रांती शिकवण्यावरील बंदी १९६८ मध्ये घटनाबाह्य ठरली. उत्क्रांतीच्या बरोबरीने ‘निर्मितिविज्ञान’, म्हणजे विज्ञान म्हणून मांडलेला निर्मितिवाद, शिकवण्याची सक्ती १९८७ मध्ये रद्द झाली. सजीवांच्या गुंतागुंतीमागे बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असे मांडणारा ‘बुद्धिमान रचना’ हा सिद्धांत विज्ञान नाही, असा निकाल २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावाच्या खटल्यात लागला. त्याआधी १९८२ च्या आर्कन्सॉ खटल्यात निर्मितिवादी कायद्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांत मेथडिस्ट पाद्री बिल मॅक्लीन आणि अनेक बिशप होते. लोकमत मात्र न्यायालयांच्या वेगाने बदलले नाही. देवाने माणसाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्माण केले असे मानणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण गॅलप संस्थेच्या पाहणीत १९८२ मध्ये ४४ टक्के होते, तर २०१७ मध्ये ३८ टक्के.

कॅथलिक चर्चने उत्क्रांतीवर कधी सरसकट बंदी घातली नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० च्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या परिपत्रात मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो, असे बजावले. उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असे जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये म्हटले. उत्क्रांतिशास्त्राला आधुनिक रूप देणाऱ्यांपैकी थिओडोसियस डॉबझान्स्की ऑर्थोडॉक्स होता आणि रोनाल्ड फिशर अँग्लिकन.

श्रद्धावंतांसाठी खरी अडचण सहा दिवसांची नसून आदामाची आहे. एका माणसामुळे पाप आणि पापामुळे मृत्यू जगात आला, अशी संत पौलाची मांडणी आहे आणि ख्रिस्ताने केलेले तारण तो तिच्याशीच जोडतो. जीवाश्म मात्र माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासूनच्या मृत्यूची, रोगांची आणि शिकारीची साक्ष देतात. आजच्या मानवजातीचे पूर्वज एक जोडपे नसून हजारोंचा समुदाय होता, असे जनुकशास्त्र सांगते. पायस बाराव्यांनी तर सारी मानवजात एकाच आदामापासून आली, असा आग्रह धरला होता. ब्रिटिश इव्हँजेलिकल भाष्यकार डेरेक किडनर याने १९६७ मध्ये यावर एक तोड सुचवली. आदाम हा तेव्हा हयात असलेल्या अनेकांपैकी एक असावा. देवाने त्याला सर्वांचा प्रतिनिधी नेमले आणि आपले प्रतिरूप त्याच्यासोबत त्याच्या समकालीनांनाही बहाल केले. लहानपणापासून शब्दशः अर्थावर वाढलेल्या अनेकांना ही तोड मान्य नाही. उत्क्रांती स्वीकारणारे इव्हँजेलिकल विद्वान मात्र आज तिच्याच निरनिराळ्या रूपांवर विचार करत आहेत.