मारिट ब्योर्गन : तीस किलोमीटरांपर्यंतची वाट
क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या जोडून बर्फाळ चढउतार स्वबळावर कापण्याची शर्यत, हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी १९२४ पासून होती. स्त्रियांना मात्र १९५२ च्या नॉर्वेतील ऑस्लो स्पर्धेत, तेही दहा किलोमीटरांपुरताच, प्रवेश मिळाला. त्याच नॉर्वेत १९८० साली जन्मलेल्या मारिट ब्योर्गन यांनी २००२ ते २०१८ या काळात आठ सुवर्णांसह १५ ऑलिम्पिक पदके मिळवली. त्यांची खरी थोरवी मात्र या आकड्यांपेक्षा पुनरागमनात दिसते, कारण २०१५ च्या अखेरीस आई झाल्यावर त्यांनी २०१७ च्या लाहती येथील जागतिक स्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकली. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचांग ऑलिम्पिकमधील, पारंपरिक शैलीची म्हणजे आखलेल्या समांतर चरांतून धावण्याची, तीस किलोमीटरांची शर्यत जिंकून त्या त्याच वर्षी निवृत्त झाल्या.