कचऱ्यात सापडलेला संशयित

लॉग फाइलमधला ‘निरुपयोगी’ भाग आपण डोळे झाकून गाळतो ना? २०११ मध्ये व्हँकुव्हर आणि बॉस्टनच्या दोन गटांनी बरोब्बर उलटं केलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींतली जनुकीय माहिती घेतली, त्यातून माणसाची वजा केली आणि उरलेला कचरा तपासला. दोघांनाही एकच जिवाणू ठळक दिसला: फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा गडी मूळचा तोंडातला, हिरड्यांच्या विकारातला जुना पापी!

संशय मात्र त्याहून जुना. १९५१ मध्ये अलाबामात मॅकॉय आणि मेसन यांनी एक केस नोंदवली होती: हृदयात जिवाणूसंसर्ग आणि त्याच रुग्णाच्या आतड्यात कॅन्सर. १९७७ मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी ६३ कॅन्सर रुग्णांचा मल तपासला. ३५ जणांत स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या बाकीच्यांत दहात जेमतेम एक. पण चोर कोण आणि नुसता बघ्या कोण? गाठ झाल्यावर जिवाणू तिथे वस्तीला आला असेल तर? घोडं इथेच अडलं, चांगली चाळीसेक वर्षं.

२०२० मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींत कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवणारे ई. कोलाय पाच महिने वारंवार सोडले. डीएनएत ठरावीक खुणा उमटल्या, आणि त्याच खुणा काही रुग्णांच्या गाठींतही मिळाल्या. बोटांचे ठसेच की!

२०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या अभ्यासात या खुणा चाळिशीआधी कॅन्सर झालेल्यांत सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त दिसल्या. त्या बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटत असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज.

मी अठ्ठावीसचा. ठसे उमटायचे असतील तर उमटून गेलेत. फ्युसोबॅक्टेरियमचा खटला अजून चालूच आहे.