उदुंबर, शाखा व भिंतीची पायपट्टी : दाराच्या मापांविषयीं एक टिपण

पवनेच्या कांठीं वसलेल्या पिंपळे सौदागर या गांवीं गेल्या पंचवीस वर्षांत शेतांच्या जागीं बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. प्रस्तुत लेखक शाळेंतून निवृत्त झाल्यावर अशाच एका इमारतींत राहावयास आला. गेल्या वर्षीं एका खोलीची फरशी बदलण्याचा प्रसंग आला, तेव्हां कारागिरानें दोन प्रश्न विचारले. भिंतीच्या तळाशीं जी पट्टी लावावयाची, व जिला हे लोक स्कर्टिंग म्हणतात, ती किती उंच ठेवावी? आणि दाराच्या चौकटीभोंवतीं जी लांकडी पट्टी मारावयाची ती किती रुंद असावी? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु त्यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाजवळ जाणारा विचार इसवी सनाच्या सहाव्या शतकांत वराहमिहिरानें करून ठेविला आहे. त्याचें वचन आजच्या दारास लावून पाहावें, या हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. दाराच्या दोन उभ्या लांकडांस संस्कृतांत शाखा म्हणतात. खालच्या व वरच्या आडव्या लांकडांस वराहमिहिर उदुंबर हा एकच शब्द वापरतो, व तोही द्विवचनीं. मराठींत हाच शब्द उंबरा या रूपानें राहिला, पण तो केवळ खालच्या लांकडापुरता. वरच्या लांकडास आपण गणेशपट्टी म्हणूं लागलों, कारण तीवर गणपति कोरण्याची चाल पडली. चार काष्ठांची ती चौकट. आजच्या इमारतींतील आंतल्या दारांस उंबरा नसतो. म्हणजे तीं तीनच काष्ठांचीं झालीं. तरी नांव चौकट असेंच चालू आहे. वस्तु गेली तरी शब्द मागें राहतो, याचें हें घरांतलेंच उदाहरण होय.

आतां मूळ नियम पाहूं. बृहत्संहितेच्या वास्तुविद्येच्या अध्यायांत घराच्या दाराविषयीं तीन मापें दिलीं आहेत. दाराची उंची जितके हात, तितकीं अंगुळें दोन्ही शाखांचें बाहुल्य असावें. उदुंबरांचें बाहुल्य त्याच्या दीडपट असावें. आणि उंचीस सातांनीं गुणून ऐंशींनीं भागिलें असतां जें येईल, तें या सर्वांचें पृथुत्व समजावें. एका हाताचीं चोवीस अंगुळें होतात. म्हणून पहिल्या नियमाचा अर्थ इतकाच कीं, शाखेचें बाहुल्य उंचीच्या चोविसाव्या हिश्शाइतकें असावें. अर्थात् उदुंबराचें बाहुल्य सोळावा हिस्सा होतें. हात 18 इंचांचा व अंगुळ पाऊण इंचाचें धरलें, तर आमच्या खोलीचें सात फुटी दार 112 अंगुळें, म्हणजे चार हात सोळा अंगुळें भरतें. त्यावरून शाखेचें बाहुल्य साडेतीन इंच, उदुंबराचें सवापांच इंच, व पृथुत्व सात इंचांहून थोडें अधिक येतें. प्रत्यक्षांत आमची चौकट पांच इंच गुणिले अडीच इंच आहे. म्हणजे दोन्ही मापें शास्त्रोक्त मापाच्या सुमारें दोन तृतीयांश ठरतात.

येथें एक अडचण उभी राहते. बाहुल्य व पृथुत्व या दोन शब्दांपैकीं समोरून दिसणारें माप कोणतें, व भिंतीच्या जाडींत शिरणारें कोणतें? बाहुल्य म्हणजे जाडी व पृथुत्व म्हणजे रुंदी हा अर्थ सरळ आहे. परंतु चौकटीच्या लांकडाची रुंदी कोणत्या बाजूची म्हणावी, हें वचनावरून स्पष्ट होत नाहीं. आजचे सुतार अरुंद बाजू समोर ठेवितात व रुंद बाजू भिंतींत घालतात. त्या रीतीनें पाहिलें तर दर्शनी माप चोविसावा हिस्सा ठरतें. उलट बाजूनें पाहिलें तर तें ऐंशींतील सात भाग, म्हणजे जवळजवळ साडेअकरावा हिस्सा ठरतें.

दुसऱ्या अर्थास एक बाहेरचा आधार मिळण्यासारखा आहे. रोम येथील व्हिट्रूव्हियस या शिल्पज्ञानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लॅटिन भाषेंत वास्तुशास्त्र लिहिलें. त्याच्या चौथ्या भागांत दाराच्या दर्शनी पट्टीची रुंदी डोरिक पद्धतींत उंचीच्या बाराव्या हिश्शाइतकी, व आयोनिक पद्धतींत चौदाव्या हिश्शाइतकी सांगितली आहे. साडेअकरावा व बारावा हे हिस्से एकमेकांस लागूनच आहेत. परंतु यावरून उसनवारीचें अनुमान काढण्याची घाई करूं नये. व्हिट्रूव्हियस देवालयाच्या दाराविषयीं बोलतो. वराहमिहिराचा हा नियम मात्र घराचा आहे. देवालयाच्या दारासाठीं त्यानें शाखेची रुंदी उंचीच्या चवथ्या हिश्शाइतकी सांगितली आहे, व ती तीन, पांच, सात किंवा नऊ पट्ट्यांनीं युक्त असावी असें म्हटलें आहे. घर व देवालय यांचीं मापें एकमेकांस लावून सिद्धान्त करणें शास्त्रास धरून होणार नाहीं.

भिंतीच्या पायपट्टीविषयीं मात्र या दारविषयक वचनांत कांहीं नाहीं, व त्याचें कारण उघड आहे. आपल्या जुन्या घरांत जमीन शेणानें सारवीत, व भिंतीच्या तळाशीं गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढीत. सारवणाचा हात भिंतीस लागून पडणारा डाग त्या पट्ट्यांत लपे. पुढें शहाबादी फरशी आली, तिच्या मागून सिमेंटाची लादी आली. त्याबरोबर फरशीचीच पट्टी भिंतीस लागूं लागली. तिचें काम दुहेरी आहे : जमीन व भिंत यांची सांध झांकणें, आणि पुसण्याचें पाणी गिलाव्यांत शिरूं न देणें. थंड देशांत ही पट्टी लांकडाची करतात. आपल्याकडे रोज ओल्या फडक्यानें जमीन पुसतात व वाळवीही टपलेली असते, म्हणून येथें फरशीची पट्टीच योग्य.

कारागिरास द्यावयाचें उत्तर मीं येणेंप्रमाणें ठरविलें. दाराच्या कडेपासून कोपऱ्यापर्यंत भिंत चारच इंच होती. सात इंचांचें दर्शनी माप तेथें मावणें अशक्य. म्हणून चोविसावा हिस्सा प्रमाण धरला, व चौकटीचें दीड इंच लांकूड उघडें ठेवून त्यापुढें दोन इंचांची पट्टी मारविली. मिळून साडेतीन इंच झाले. तोच हिस्सा नऊ फूट उंचीच्या भिंतीस लावला, तेव्हां साडेचार इंच आले. हें लावणें शास्त्राचें नव्हे, माझें आहे. दोन फुटी फरशीचे पांच तुकडे केले असतां प्रत्येक तुकडा साडेचार इंचांहून किंचित् अधिक भरतो व फरशी वायां जात नाहीं. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. दाराची पट्टी जाडीनें अधिक व पायपट्टी कमी असावी, म्हणजे पायपट्टीचें टोंक दाराच्या पट्टीस टेकून थांबतें. उलट झालें तर तें टोंक पुढें येऊन डोळ्यांस बोंचतें, व पायासही लागतें.

असो. खोलीचें काम झालें, पण अर्थाचा वाद मिटला नाहीं. तो ग्रंथांनीं मिटणार नाहीं. जुन्या दारांच्या मापांनींच मिटेल. आणि येथें मला माझाच प्रमाद सांगितला पाहिजे. मुळशी तालुक्यांतील आमचें वडिलोपार्जित घर पाडलें, तेव्हां मीं जवळच उभा होतों. माजघराच्या दाराची सागवानी चौकट, मधोमध पायांनीं झिजलेल्या उंबऱ्यासह, जुनें लांकूड घेणाऱ्यानें गाडींत घातली. मीं तिची किंमत मोजून घेतली, पण माप घेतलें नाहीं. मी चाळीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें, परंतु ज्या वचनाचा अर्थ त्या लांकडानें सांगितला असता, तें लांकूड डोळ्यांदेखत जाऊं दिलें.

शनिवारवाड्याचा पाया 1730 सालीं घातला गेला. त्याचें आंतील लांकूडकाम 1828 च्या आगींत नष्ट झालें. त्यास आज उपाय नाहीं. परंतु पुण्यांतील विश्रामबागवाडा उभा आहे, चिंचवडचा मंगलमूर्तिवाडा आमच्या गांवापासून फार दूर नाहीं, आणि मावळांतील कित्येक घरें अद्याप पाडावयाचीं आहेत. वाचकांस विनंति इतकीच कीं, जुनें दार दिसेल तेथें पांच मापें टिपावीं : मोकळ्या दाराची उंची व रुंदी, शाखेची दर्शनी बाजू व भिंतींतील बाजू, आणि उंबऱ्याची जाडी. अशीं शंभर दारें जमलीं म्हणजे बाहुल्य कोणतें व पृथुत्व कोणतें, हें आपोआप ठरेल. माप घेण्यास घटकाभरही लागत नाहीं. चौकट गाडींत चढल्यावर मात्र तें जन्मभर घेतां येत नाहीं.