चिनी कथांतील ‘श्या’

‘वीर’ हा शब्द उच्चारतांच आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें रणांगण, राजा आणि ध्वज हीं उभीं राहतात. चिनी भाषेंत ज्याला ‘श्या’ म्हणतात, त्याचें यांपैकीं कशाशींहि नातें असतेंच असें नाहीं. त्याला कुळ लागत नाहीं, स्वामी लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. दिलेला शब्द प्राण गेला तरी पाळणें, संकटांत सांपडलेल्या परक्या माणसासाठीं धांवून जाणें आणि काम झाल्यावर त्याची वाच्यता न करणें, एवढ्या भांडवलावर तो उभा असतो. तलवार हें त्याचें केवळ साधन. ज्यांनीं या कथा पडद्यावरच पाहिल्या आहेत त्यांना तेंच सर्वस्व वाटावें, यांत नवल नाहीं. परंतु खरा प्रश्न निराळाच आहे : जो मनुष्य कायद्यापेक्षां आपला शब्द मोठा मानतो, त्याचें राज्यसंस्थेनें काय करावें?

इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांतील राजनीतिज्ञ हान फेइ यानें या प्रश्नाचें उत्तर निःसंदिग्ध दिलें आहे. राज्य पोखरणाऱ्या पांच प्रकारच्या किड्यांत त्यानें या शस्त्रधाऱ्यांची गणना केली. पुढें हान राजवटींत इतिहासकार सीमा छ्येन यानें आपल्या महाग्रंथांत या भटक्या वीरांसाठीं एक स्वतंत्र प्रकरण खर्चीं घातलें, आणि प्रारंभींच हान फेइचा आक्षेप नमूद करूनहि त्यांची बाजू घेतली. त्यामागें एक वैयक्तिक जखम होती. पराभूत सेनापति ली लिंग याच्याविषयीं दोन चांगले शब्द बोलल्याबद्दल सम्राट वू यानें इ. स. पूर्वीं 98 च्या सुमारास सीमा छ्येनला खच्चीकरणाची शिक्षा दिली. दंड भरून सुटावें तर पैसा नव्हता, आणि मित्रांपैकीं कोणी पुढें आला नाहीं. अशा वेळीं धांवून येणारा मनुष्य म्हणजे काय चीज आहे, हें त्याला कोणीं शिकवावयास नको होतें.

त्याच प्रकरणांतील ग्वो शिए याची हकीकत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. हा ठेंगणा, मद्याला न शिवणारा मनुष्य. तारुण्यांत त्यानें खून केले, थडगीं फोडलीं, खोटीं नाणीं पाडलीं. वयपरत्वें तो निवळला. त्याच्या भाच्यानें मामाच्या वजनावर विसंबून एकाला बळेंच दारू पाजली. त्या माणसानें संतापून भाच्याला भोंसकलें आणि तो पळाला. बहिणीनें भावाला लाज वाटावी म्हणून मुलाचें प्रेत रस्त्यावर तसेंच टाकलें. शेवटीं मारेकरी स्वतःच ग्वो शिएपुढें आला आणि घडलें तें त्यानें सांगितलें. ग्वो शिए म्हणाला कीं, तुझें चुकलें नाहीं, आमच्या पोराचें चुकलें. आणि त्याला सोडून देऊन त्यानें भाच्याला मूठमाती दिली.

हा न्याय खरा, पण तो देण्याचा अधिकार ग्वो शिएला कोणीं दिला? येथेंच सम्राटाला भीति वाटली. धनिक घराणीं राजधानीजवळ हलविण्याच्या यादींत ग्वो शिएचें नांव आलें, तेव्हां सेनापति वेइ छिंग यानें तो गरीब असल्याचें सांगून रदबदली केली. सम्राटाचें उत्तर मार्मिक होतें : ज्याच्यासाठीं सेनापति शब्द टाकतो तो मनुष्य गरीब कसला! पुढें एका पंडितानें त्याची निंदा केली म्हणून त्याच्या एका चाहत्यानें त्या पंडिताला ठार करून त्याची जीभ कापली. ग्वो शिएला याची वार्ताहि नव्हती, आणि चौकशी करणाऱ्यांनीं तसा निर्वाळाहि दिला. परंतु मंत्री गोंगसुन होंग यानें असा युक्तिवाद केला कीं, स्वतः खून करण्यापेक्षां आपल्या नांवावर आपल्या नकळत खून होणें हा मोठा गुन्हा होय. ग्वो शिएचा सहकुटुंब वध झाला. सीमा छ्येननें त्याला प्रत्यक्ष पाहिलें होतें. रूपानें आणि बोलण्यानें तो सामान्यच होता, असें तो लिहितो. गोंगसुन होंगचा तर्क क्रूर होता, पण मूर्खपणाचा खास नव्हता.

पुढील कथाकारांनीं बहुधा तडजोड केली. ‘पाणथळीच्या कांठीं’ या कादंबरींतील 108 बंडखोर अखेर सम्राटाची माफी घेऊन त्याच्याच लढायांत खपतात. 1879 च्या एका लोकप्रिय कादंबरींतील वीर तर न्यायाधीश बाव यांच्या चाकरींत दिसतात. शांघायमध्यें 1928 साली ‘लाल कमळाच्या मंदिराचें दहन’ हा मूकपट निघाला व तीन वर्षांत त्याचे अठरा भाग झाले. मग सरकारनें अशा चित्रपटांवरच बंदी घातली. हान फेइचा वारसा असा सहजासहजीं जात नाहीं. पुढें 1966 साली हाँगकाँगहून किंग हू यांचा ‘ये, माझ्यासंगें पी’ हा चित्रपट आला आणि तलवार स्त्रीच्या हातीं किती शोभते तें प्रेक्षकांनीं पाहिलें.

हाँगकाँगचे वृत्तपत्रकार जिन योंग यांनीं 1955 ते 1972 या काळांत लिहिलेल्या पंधरा कथांनीं मात्र जुनी जखम पुन्हां उघडी केली. त्यांच्या एका बृहत्कादंबरीचें नांवच आपल्या ओळखीचें निघावें : देव, नाग, यक्ष, गंधर्व इत्यादि बौद्ध ग्रंथांतील आठ योनींवरून तें घेतलें आहे. तिचा नायक श्याव फंग चिनी वीरांचा मुकुटमणि असतांना त्याला कळतें कीं आपण जन्मानें शत्रूच्या, खितान जातीचे आहोंत. ज्यांच्यासाठीं रक्त सांडलें तेच त्याला झिडकारतात. शेवटीं खितान सम्राटाकडून, जो त्याचा मानलेला भाऊ, आक्रमण न करण्याची शपथ तो घेववितो, आणि आपण स्वजनद्रोह केला म्हणून तुटलेला बाण स्वतःच्या छातींत खुपसतो. दोन्ही राज्यें वांचतात. त्याला मात्र दोहोंतहि जागा उरत नाहीं.

याच्या उलट टोकाला 2002 चा झांग यिमोउ यांचा ‘वीर’ हा चित्रपट आहे. इ. स. पूर्वीं 227 मध्यें छिनच्या राजावर जिंग ख यानें केलेला अयशस्वी हल्ला सीमा छ्येननें आदरानें वर्णिला आहे. याच राजावर चालून आलेला चित्रपटांतील मारेकरी ऐन वेळीं स्वेच्छेनें शस्त्र आवरतो, कारण सर्व देश एकत्र करणारा राजा जगला पाहिजे असें त्याला पटतें. चित्रण नितांत सुंदर आहे. तरीहि तें पाहतांना आमचें मन ग्वो शिएकडे जातें. राजा त्या माणसाला बाणांनीं विंधावयाची आज्ञा देतो, आणि मग वीराच्या इतमामानें त्याला पुरण्यांत येतें. गोंगसुन होंगला ही दुसरी गोष्ट सुचली नव्हती.